शिफ्टमध्ये लिहिणाऱ्यांची बाजू

भिलाईत मराठी माणसं एकत्र जमली आणि साहित्याचा विषय निघाला की एक मत हमखास मांडलं जातं. पुण्या-नागपूरहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला लेखी उत्तर द्यायला हवं. मत असं : कथा-कादंबरी ठरवून लिहिता येत नाही. जो वहीत वर्षभराचे संकल्प मांडतो, रोज नेमाने पानं लिहितो, त्यांची नोंद ठेवतो आणि प्रकाशकाची वाट न बघता स्वतःच पुस्तक छापतो, तो हौशी. त्याचं लेखन म्हणजे कारखान्यातला माल. खरा लेखक आतून आल्याशिवाय लिहायला बसत नाही. आणि असा माणूस महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या टाउनशिपमध्ये बसून मराठीत लिहीत असेल, तर त्याच्याबद्दल बोलायचंही कारण उरत नाही.

मी छत्तीसगढमधल्या भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये राहतो, स्टील प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटी करतो आणि मराठीत कथा लिहितो. माझ्या वहीत संकल्प आहेत, नोंदी आहेत, पुढच्या पुस्तकांचे आराखडे आहेत. वरचं मत माझ्यापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण ते ऐकून लिहिणं सोडून दिलेली माणसं मी या गावात पाहिली आहेत. त्यांत दोघी-तिघी अशा होत्या की त्यांच्याइतकं बारीक निरीक्षण मला आजही जमत नाही. म्हणून हा प्रतिवाद.

आधी समोरच्या बाजूत जे खरं आहे ते मान्य करतो. लेखन मोजायला लागलं की मोजण्याचीच चटक लागते, हे खरं आहे. पानं भरली म्हणजे कथा झाली असं समजणारे लेखक आहेत. स्वतः छापलेल्या पुस्तकांमध्ये संपादकाचा हात न लागलेली, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली पुस्तकं ढिगाने आहेत, हेही खरं आहे. ‘सत्यकथा’ मासिकात राम पटवर्धनांसारखा संपादक कथा परत पाठवायचा, तिच्यात काय राहून गेलंय ते पत्रात लिहायचा, पुन्हा लिहून घ्यायचा. तो धाक आणि ती माया आज एकट्याने लिहिणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. 1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडलं, आणि त्या जागी तसं दुसरं काही उभं राहिलं नाही. या तक्रारी मी खोट्या ठरवणार नाही. माझा वाद त्यांच्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. वाईट पुस्तकं नेमाने लिहिली गेली, म्हणून नेम वाईट ठरत नाही.

मराठी कादंबरी उभी राहिली तीच मुळी वेळापत्रकावर. हरी नारायण आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. 1893 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ‘उषःकाल’ही त्याच ‘करमणुकी’तून पुढे सरकली. अंक आठवड्याला निघायचा म्हणजे मजकूर आठवड्याला द्यायचा. मन लागो न लागो, घरात आजारपण असो, पुण्यात प्लेग असो, खिळे जुळवणारा माणूस पानं मागायला यायचाच. शिवाय हरिभाऊंना आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाचं काम होतं, सार्वजनिक कामं होती. स्वतःचं साप्ताहिक, स्वतःचा वाचक, पोटासाठी दुसरं काम आणि दर आठवड्याला ठरलेला मजकूर! आज ज्याला हौशी म्हणून हिणवलं जातं त्या लेखकाचं हेच तर वर्णन आहे. ज्याच्याकडे आपण मराठी कादंबरीचं जनकत्व देतो तो माणूस याच पद्धतीने लिहीत होता.

कुणी म्हणेल, म्हणूनच हरिभाऊंच्या कादंबऱ्या पाल्हाळिक आहेत. आहेतच. मध्येच वाचकाशी गप्पा मारत ते लांबवर जातात, एखादा प्रसंग दोन अंक पुरवतात, हे वाचताना कळतं. आठवड्याच्या तगाद्याची ती किंमत आहे आणि ती मी लपवणार नाही. पण त्याच तगाद्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ची यमू जन्मली. एका बाईने आपल्या तोंडाने सांगितलेलं आयुष्य इतक्या जवळून मराठीत त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. मला तर असं वाटतं की त्या कादंबरीचा रोजनिशीसारखा, श्वास घेत-सोडत पुढे जाणारा सूर आठवड्याच्या लयीतच सापडला. निवांतपणे सहा वर्षं एकहाती लिहिली असती तर यमू कदाचित जास्त घोटीव झाली असती, पण इतकी जवळची झाली नसती. हा माझा अंदाज आहे. पण ‘वेळेच्या बंधनात कला मरते’ हाही अंदाजच आहे, आणि त्याच्या बाजूने यमूएवढा पुरावा अजून कुणी दाखवलेला नाही.

दिवाळी अंकांचं काय? काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. उन्हाळ्यात संपादकांचं पत्र किंवा फोन येतो, पावसाळ्यात कथा द्यायची असते. आपल्या भाषेतल्या कितीतरी उत्तम कथा त्या मागणीवर, त्या मुदतीत लिहिल्या गेल्या आहेत. जे ज्येष्ठ लेखक मला सांगतात की ठरवून कथा होत नाही, त्यांच्याही कथा दर दिवाळीला वेळेवर येतात आणि पुष्कळदा त्या चांगल्या असतात. मुदत संपादकाने घालून दिली तर ती परंपरा, आणि लेखकाने स्वतःला घालून घेतली तर तो कारखाना, हा भेद मला मान्य नाही. संपादकाचा फोन येत नाही अशा गावात राहणाऱ्या लेखकाला स्वतःचा फोन स्वतःलाच करावा लागतो.

आता ‘आतून येण्या’बद्दल. या वादात दोन उदाहरणं नेहमी पुढे केली जातात : भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आणि काफ्काची ‘निवाडा’ ही कथा. ‘कोसला’ 1963 मध्ये आली. ती एका सपाट्यात लिहून झाली असं सांगतात. असेल. पण त्याच लेखकाने पुढे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ ही चार पुस्तकं 1975 ते 1979 या काळात दिली, आणि ‘हिंदू’ आली 2010 मध्ये. इतक्या वर्षांचा पल्ला एका झपाट्यावर कुणी गाठत नाही. चांगदेव हा नायक असलेल्या या चार पुस्तकांमागे आराखडा आहे. एका सपाट्यात लिहिलेल्या पुस्तकाची गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो आणि बाकीच्या वर्षांतल्या कष्टाकडे बघतही नाही.

काफ्काचं उदाहरण तर आमच्या बाजूने जातं. तो प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत नोकरीला होता. लाकडाला रंधा मारण्याच्या यंत्रात कामगारांची बोटं कशी तुटतात आणि ती कशी वाचवता येतील याचे अहवाल त्याने लिहिले आहेत. दुपारपर्यंत ऑफिस, मग झोप आणि रात्री लेखन, हा त्याचा क्रम होता. 1912 च्या सप्टेंबरात, 22 च्या रात्री 10 वाजल्यापासून 23 च्या सकाळी 6 पर्यंत बसून त्याने ती कथा एका बैठकीत पुरी केली, असं त्याच्याच रोजनिशीत आहे. 10 ते 6. आमच्याकडची नाइट शिफ्ट. ती रात्र अचानक उगवली नाही. त्याआधी कित्येक रात्री तो त्याच टेबलाशी बसत होता, अर्धवट तुकडे लिहीत होता, टाकून देत होता. बसायची सवय होती म्हणून ती रात्र त्याला जागेवर सापडली.

आणि कारखाना. हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्यांना मी आमच्या गावाचा कारखाना थोडा दाखवू इच्छितो. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. एकदा पेटलेली फर्नेस वर्षानुवर्षं विझवत नाहीत. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, कोक आणि चुनखडी वरून पडत राहते, खाली धातू वितळत राहतो, आणि माणसं मात्र दर आठ तासांनी बदलतात. हे चालतं ते लॉगबुकवर. शिफ्ट सुटताना ऑपरेटर लिहून ठेवतो : काय चालू आहे, कुठे तापमान चढलंय, कशाकडे लक्ष ठेवायचं. येणारा माणूस आधी ती नोंद वाचतो, मग हात लावतो. जे काम एका माणसाच्या एका दमात मावत नाही ते तुटू न देता पुढे नेण्याची ही रीत आहे.

माझ्या लेखनाची वही मी नेमकी तशीच ठेवतो. उठताना शेवटी लिहितो : कथा कुठे आहे, कोण दारात उभं आहे, कुठल्या वाक्यावर माझा विश्वास नाही, उद्या काय बघायचं. मग मधे नाइटचा आठवडा गेला, डोकं बधिर झालं, तरी परत बसतो तेव्हा कथा थंड झालेली नसते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी लिहितो, सेकंडच्या आठवड्यात सकाळी. नाइटच्या आठवड्यात नवीन काही लिहीत नाही. जुनं मोठ्याने वाचतो आणि खोडतो, कारण थकलेल्या माणसाला खोटं वाक्य लवकर ऐकू येतं. पूर्ण झालेली कथा पुढची कथा संपेपर्यंत उघडायची नाही, हा दुसरा नियम. पाडव्याला वर्षाचा संकल्प लिहितो : यंदा कोणती कथा पुरी करायची, कादंबरीचा कोणता भाग, कोणती पुस्तकं पुन्हा वाचायची. यात कलेचा अपमान कुठे होतो, ते मला खरोखर कुणीतरी समजावून सांगावं.

मात्र दुसऱ्या टोकाचा आग्रहही मला मान्य नाही, हे इथेच सांगायला हवं. 1999 मध्ये अमेरिकेत क्रिस बेटी या लेखकाने एका महिन्यात 50,000 शब्दांची कादंबरी लिहून काढायचा उपक्रम सुरू केला. तो जगभर पसरला, पुढे त्याची संस्था झाली आणि 2025 मध्ये तिने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. महिन्याच्या 30 दिवसांत 50,000 म्हणजे रोज सुमारे 1,667 शब्द. लिहायला घाबरणाऱ्या कितीतरी लोकांना त्याने पहिल्यांदा टेबलाशी बसवलं, त्याबद्दल आदर आहे. पण हा आकडा दुसऱ्याने ठरवलेला आहे. तो कथेला विचारून ठरलेला नाही आणि लिहिणाऱ्याच्या आयुष्याला विचारूनही नाही. ज्या बाईला दोन वेळचा स्वयंपाक, सासऱ्यांचं औषधपाणी आणि मुलांचा अभ्यास सांभाळून अर्धा तास मिळतो तिला हा आकडा हरवूनच सोडतो. स्वतंत्र लेखकाचं स्वातंत्र्य मला तिथे दिसतं जिथे उद्दिष्टही त्याचंच असतं. रोज एक परिच्छेद हेही उद्दिष्टच आहे.

आता या वादातला मला सगळ्यात जास्त डाचणारा मुद्दा. ‘आतून येईपर्यंत थांबा’ हा सल्ला कुणाला परवडतो? ज्याचा दिवस त्याच्या मालकीचा आहे त्याला. प्रेरणा दुपारी 3 ला आली तर तो दुपारी 3 ला लिहू शकतो. रोलिंग मिलमध्ये उभा असलेला माणूस लिहू शकत नाही. शाळेत तास घेणारी शिक्षिका लिहू शकत नाही. नारायण सुर्वे महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, आणि 1962 मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं. श्री. ना. पेंडशांनी मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरी करत ‘गारंबीचा बापू’ आणि ‘रथचक्र’ लिहिलं. बाबुराव बागूल रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. पुढे ते नोकरी सोडून पूर्ण वेळ लेखनाकडे वळले, हे खरं आहे आणि तो त्यांचा निर्णय होता, त्याची किंमतही त्यांनीच मोजली. पण फावल्या वेळाची वाट बघण्याचा सल्ला ऐकला असता तर या माणसांच्या पुस्तकांवाचून मराठी किती गरीब राहिली असती! वेळेचा हिशेब ठेवणं ही ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांची गरज आहे. तिला हिणवणं म्हणजे त्यांना दाराबाहेर ठेवणं.

इथे भिलाईतच बघा. पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गाणाऱ्या तीजनबाई जवळच्या गनियारी गावच्या, आणि त्यांची नोकरी भिलाई स्टील प्लांटमध्ये होती. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. रायपूरचे विनोदकुमार शुक्ल कृषी विद्यापीठात शिकवत असताना लिहीत राहिले. त्यांची ‘नौकर की कमीज’ ही कादंबरी 1979 मध्ये आली. प्लांटच्या किंवा विद्यापीठाच्या हजेरीपटावर नाव आहे म्हणून यांच्या कलेला कुणी हौशी म्हटलेलं नाही.

राहिला महाराष्ट्राबाहेर असण्याचा मुद्दा. हा आक्षेप घेणाऱ्यांना इतिहासाची आठवण करून देतो. दुर्ग-रायपूरचा हा मुलुख 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्याआधी भोसल्यांचा अंमल होता. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि 1901 मध्ये लिहिलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये गणली जाते. गजानन माधव मुक्तिबोध 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात आले, इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर. ‘अंधेरे में’ ही त्यांची दीर्घ कविता 1957 ते 1962 अशी काही वर्षं घडत राहिली, आणि त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 1964 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. हा माणूस छापून येण्याची वाट बघत थांबला नव्हता, तो पुन्हा पुन्हा लिहीत होता. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत राहिले. ‘क्षिप्रा’ 1954 ची, ‘सरहद्द’ 1962 ची, ‘जन हे वोळतु जेथे’ 1969 ची. पंधरा वर्षं चाललेली कादंबरीत्रयी. एकाच घरात एक भाऊ हिंदीत गेला, एक मराठीत राहिला आणि दोघांनीही लांब पल्ल्याचं काम केलं.

आणि जी. ए. कुलकर्णी? उमेदीची सगळी वर्षं धारवाडला गेली, कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’ या संग्रहांतल्या कथा त्यांनी कानडी मुलखात राहून लिहिल्या. पुण्यात बसून लिहिणारे किती जण त्यांच्या जवळपास पोचले?

उलट मी म्हणेन की मराठी कथेला भिलाईसारख्या गावांची गरज आहे. सेक्टर 2 मध्ये एका ओळीतल्या क्वार्टरमध्ये मल्याळी, तेलुगू, बंगाली, ओडिया, पंजाबी आणि विदर्भातली घरं नांदतात. अय्यप्पाच्या मंदिराची घंटा मराठी देवघरात ऐकू येते. इथली मराठी मुलं घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलतात. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायचं म्हणजे ज्या घरात मुलं वाढली ते घर सोडायचं, आणि मग गावाकडे जावं तर गावच ओळखत नाही. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे कामगार नेते शंकर गुहा नियोगींना याच गावात झोपेत गोळी घातली गेली. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. हे सगळं पाहिलेली मराठी कुटुंबं इथे आहेत. त्यांच्यावरची कादंबरी मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. ती पुण्याहून कुणी येऊन लिहील याची वाट किती वर्षं बघायची?

एका संपादकांनी माझी कथा परत पाठवताना लिहिलं की पात्रांची मराठी अशुद्ध आहे, ती ‘ड्यूटी लागली’, ‘छुट्टी पडली’ असं बोलतात. ती तशीच बोलतात. वऱ्हाडी बोली कथेत आली तेव्हा आपण आनंदाने जागा करून दिली, आगरी आली, अहिराणी आली. भिलाईच्या घरातली मराठी शुद्ध करून छापायची असेल तर त्या घरातली माणसंही बदलावी लागतील. ते मी करणार नाही.

म्हणून मी स्वतः छापतो. इथे ‘स्वतः छापणं म्हणजे नाकारलं जाणं’ या समजुतीला उत्तर अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने कधीच दिलंय : अरुण कोलटकरांच्या कवितांचं पुस्तक 1977 मध्ये तिथूनच निघालं. मोठ्या घराची मोहोर नव्हती, म्हणून ते पुस्तक लहान झालं नाही. पण स्वतः छापायचं तर संपादकाची जबाबदारीही स्वतः घ्यायची, हे माझं माझ्याच बाजूच्या लोकांना सांगणं आहे. ज्याला आपल्या कथेत चुका काढायचे पैसे द्यावेत असा वाचक शोधा. नातेवाइकांना दाखवू नका, ते कौतुक करतील. मुद्रितं दोनदा दुसऱ्याच्या नजरेखालून घाला. आयएसबीएन भारतात विनाशुल्क मिळतो आणि मागणीनुसार छापण्याची सोय आहे, त्यामुळे वाचलेले पैसे संपादनावर खर्च करा. प्रती थोड्या काढा, पण नागपूर, अमरावती, गोंदिया, रायपूर इथल्या ग्रंथालयांत पोचवा.

सध्या माझ्या वहीत दोन कामं आहेत. एक कादंबरी, क्वार्टर सोडण्याच्या वर्षातल्या एका जोडप्याची. आणि सेक्टरच्या एकाच गल्लीतल्या घरांवरच्या कथा, प्रत्येक कथा वेगळ्या शिफ्टमध्ये घडणारी. कादंबरी पुढच्या पाडव्यापर्यंत पुरी करायची असं लिहून ठेवलं आहे. ज्यांना वाटतं की असं ठरवून ती होणार नाही, त्यांना मी पहिली प्रत पाठवीन. त्यांनी ती वाचावी आणि कुठलं पान खोटं आहे ते सांगावं. मी कधी, किती आणि कुठे बसून लिहिली याची चौकशी मात्र त्यांनी करू नये.